‘जांगल’, ‘आनूप’ आणि वनसीमा : मलायातील हिवतापाच्या इतिहासाचा एक अभ्यास

१

संस्कृत वैद्यकग्रंथांत भूमीचे तीन प्रकार मानलेले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जेथे पाणी थोडे, झाडी विरळ, ऊन कडक आणि वारा मोकळा, तो जांगल देश. जेथे पाणी विपुल, झाडी दाट आणि हवा दमट, तो आनूप देश. आणि दोहोंची लक्षणे जेथे सम प्रमाणात आढळतात, तो साधारण देश. चरक आणि सुश्रुत ह्या दोन्ही संहितांत जांगल देश अल्परोगी ठरविला असून आनूप देश कफादी विकारांचे स्थान मानला आहे. ह्या विभागणीतील ‘जांगल’ हा शब्द पुढे प्राकृत आणि आधुनिक भारतीय भाषांतून ‘जंगल’ ह्या रूपाने आला. प्रथम त्याने ओसाड, अकृष्ट भूमीचा अर्थ धारण केला, नंतर झाडीचा. आणि इंग्रजीने अठराव्या शतकात तो उचलल्यानंतर तर त्याला दमट, घनदाट, सूर्यप्रकाश न शिरणाऱ्या अरण्याचा अर्थ चिकटला. वैद्यकाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर जो शब्द जांगल देशाचा होता तो आनूप देशाचा वाचक बनला.

शब्दार्थाची अशी उलटापालट भाषेच्या इतिहासात दुर्मिळ नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी मलाया द्वीपकल्पात जे घडले, त्याच्या संदर्भात ह्या एका शब्दाला व्युत्पत्तीपलीकडचे महत्त्व येते. तेथील इंग्रज अधिकारी, मळेवाले आणि वैद्य ह्यांच्या लिखाणात हिवतापाचे मूळ म्हणून ‘जंगल’ हा शब्द वारंवार येतो. किनाऱ्यालगतची दलदलीची झाडी, अंतर्भागातील टेकड्यांवरील आदिम अरण्य आणि खाडीकाठची कांदळवने ही तिन्ही त्या एकाच शब्दाच्या पोटात सामावलेली होती. जंगल तोडले असता ताप हटतो की वाढतो, ह्या प्रश्नाला म्हणूनच एकमेकांविरुद्ध उत्तरे मिळत गेली, आणि त्या उत्तरांची किंमत मद्रास इलाख्यातून नेलेल्या तमिळ मजुरांनी आपल्या प्राणांनी मोजली.

रोगाच्या नावांकडे पाहिले तरी असे दिसते, की प्रत्येक भाषेने ह्या व्याधीचे एकेक अंग पकडले आहे. मराठीतील ‘हिवताप’ लक्षणावरून बनला. ‘मलेरिया’ ह्या इटालियन शब्दाने दूषित हवेवर दोष ठेवला. मलाय भाषेत त्यास ‘दमाम कुरा’, म्हणजे प्लीहेचा ताप, असे म्हणतात. अथर्ववेदातील ‘तक्मन्’ ह्या ज्वराची अन्येद्युः आणि तृतीयक अशी कालावरून नावे आहेत, आणि आयुर्वेदातील विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक हे भेदही कालावरूनच पाडलेले आहेत. लक्षण, हवा, अवयव, काल ह्या चारही गोष्टी नावांत आल्या. डास मात्र कोठेच आला नाही. तो यावयास २० ऑगस्ट १८९७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या परोपजीवीचे रूप प्रथम दिसले. पुढील वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र उलगडले, आणि त्याच वर्षी इटलीत ग्रासी, बिग्नामी व बास्तियानेल्ली ह्यांनी माणसाच्या हिवतापाचे वहन अ‍ॅनॉफेलीस जातीचे डास करतात हे सिद्ध केले. हा शोध पुरता तीन वर्षांचाही झाला नव्हता, तोच त्याची एक मोठी कसोटी मलायात लागली.

२

माल्कम वॉटसन हे स्कॉटिश वैद्य १९०० मध्ये मलायातील सेवेत रुजू झाले आणि १९०१ च्या आरंभी सेलांगोर संस्थानातील क्लांग येथे जिल्हा शल्यवैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. क्लांग गाव नदीकाठच्या सखल भूमीवर वसलेले होते. गावाच्या आतबाहेर दलदली होत्या आणि दलदलींवर दाट झाडी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात तेथून काही मैलांवर पोर्ट स्वेटनहॅम, म्हणजे आजचे पोर्ट क्लांग, हे नवे बंदर वाहतुकीस खुले झाले, आणि थोड्याच आठवड्यांत तापाने तेथे असे थैमान घातले, की बंदर चालू ठेवावे की बंद करावे ह्याचाच विचार अधिकाऱ्यांस करावा लागला.

वॉटसन ह्यांनी सुचविलेला उपाय सरळ होता. गाव आणि बंदर ह्यांच्या परिसरातील झाडी तोडावी, दलदलींचे पाणी चरांतून काढून द्यावे आणि खळगे बुजवावे. इस्पितळातील नोंदींवरून ह्या उपायाचा परिणाम निःसंदिग्धपणे दिसून येतो. १९०१ मध्ये क्लांग व पोर्ट स्वेटनहॅम ह्या दोन ठिकाणांहून हिवतापाचे पाचशेहून अधिक रोगी इस्पितळात आले होते. १९०२ मध्ये ही संख्या १९९ वर उतरली, १९०३ मध्ये ६९, १९०४ मध्ये ३२ आणि १९०५ मध्ये अवघी २३ झाली. जिल्ह्याच्या उरलेल्या भागात, जेथे असे काही काम झाले नव्हते, तेथील रोग्यांची संख्या मात्र १९०१ मधील १९७ वरून १९०५ मध्ये ३५३ वर गेली. हा दुसरा आकडा नसता, तर पहिल्याचे श्रेय एखाद्या अनुकूल हवामानाला देता आले असते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तशी वाट उरत नाही.

ह्या यशाचे कारण पुढे कळून आले, ते एका विशिष्ट डासाच्या सवयींत होते. अ‍ॅनॉफेलीस अंब्रोसस ह्या नावाने त्या काळी ओळखला जाणारा डास दलदलीतील झाडीच्या सावलीत, साचलेल्या काळसर पाण्यात अंडी घाली. ‘अंब्रोसस’ ह्या लॅटिन विशेषणाचा अर्थच मुळी छायायुक्त असा आहे. झाडी गेली की सावली गेली, चर खणले की पाणी गेले, आणि दोन्ही गेल्यावर त्या डासास थारा उरला नाही.

रबराच्या मळ्यांनी हाच प्रयोग नकळत मोठ्या प्रमाणावर केला. दक्षिण अमेरिकेतील रबराच्या झाडाची रोपे क्यू येथील उद्यानातून १८७७ मध्ये सिंगापूरला पोहोचली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रबराची मागणी वाढत गेली आणि १९१० मध्ये भाव शिगेला पोहोचला. किनाऱ्यालगतच्या सपाट भूमीवरील झाडी झपाट्याने तोडली जाऊन तेथे चर खणले गेले. अशा मळ्यांवर प्रारंभीच्या वर्षांत ताप प्रखर असे, आणि लागवडीचा विस्तार होऊन झाडीची कड मजुरांच्या वस्तीपासून दूर हटत गेली की तो ओसरू लागे. लहान मुलांच्या प्लीहा तपासून रोगाचे मान ठरविण्याची रीत भारतात १८४७ च्या सुमारास डेम्प्स्टर ह्यांनी यमुनेच्या कालव्यांच्या पाहणीत वापरली होती. तीच वॉटसन ह्यांनी मळ्यांवर वापरली. वस्ती झाडीला लागून असेल तेथे मोठ्या प्लीहेची मुले पुष्कळ आढळत, आणि सुमारे अर्ध्या मैलाचे अंतर पडले की त्यांचे प्रमाण एकदम उतरे. मलाय लोकांनी रोगाला दिलेले प्लीहेचे नाव अशा रीतीने शास्त्रीय मापनाचेही साधन ठरले.

येथपर्यंतचा पुरावा एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवीत होता : जंगल तोडा, पाणी काढा, रोग जाईल. प्राचीन परिभाषेत सांगावयाचे, तर आनूप देशाचे जांगल देशात रूपांतर करणे हाच हिवतापावरील उपाय होय.

३

हा निष्कर्ष टेकड्यांच्या प्रदेशात फसला. किनाऱ्यावरील भूमी भरत आल्यानंतर मळे अंतर्भागाकडे सरकले. तेथील टेकड्या आदिम अरण्याने झाकलेल्या होत्या आणि त्यांच्या घळींतून स्वच्छ पाण्याचे लहान ओहोळ वाहत असत. सपाटीवरच्या अनुभवाप्रमाणे येथेही तोड झाली की ताप हटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात टेकड्यांवरील मळे वर्षानुवर्षे तापाने ग्रासलेले राहिले. अरण्य जितके दूर हटले, घळी जितक्या स्वच्छ झाल्या, ओहोळांवर जितके ऊन पडू लागले, तितका रोग टिकून राहिला. कित्येक ठिकाणी तर वाढला.

ह्याचे कारण दुसऱ्याच एका डासाच्या सवयींत सापडले. वॉटसन ह्यांच्या पहिल्या लिखाणात त्याचे नाव अ‍ॅनॉफेलीस विलमोरी असे येते. पुढे तो अ‍ॅनॉफेलीस मॅक्युलेटस म्हणून ओळखला जाऊ लागला. ह्या डासाला साचलेले काळे पाणी नको असते. वाहत्या ओहोळाच्या कडेचे, झऱ्याच्या मुखाचे, गवताच्या पात्यांमधले निर्मळ पाणी त्यास हवे असते, आणि त्या पाण्यावर ऊन पडावे लागते. घनदाट अरण्याच्या सावलीतील ओहोळांत तो जवळजवळ आढळत नाही. अर्थात टेकडीवरील अरण्य हे रोगाचे घर नसून रोगाला घातलेला बांध होते, आणि कुऱ्हाडीने तो बांध फोडला.

अशा रीतीने एकाच कृतीचे दोन ठिकाणी विरुद्ध परिणाम झाले. सपाटीवर तोड केल्याने सावलीचा डास गेला, तर टेकडीवर तोड केल्याने उन्हाचा डास आला. चर खणण्याचा उपायही तसाच दुहेरी ठरला. सपाटीवर उघडा चर दलदल कोरडी करी. टेकडीच्या घळीतील उघडा चर मात्र मॅक्युलेटसला हवे तेच उन्हातले, स्वच्छ, वाहते पाणी पुरवी. वॉटसन ह्यांनी म्हणून घळींतील पाणी जमिनीखालील नळांतून नेण्याची पद्धत स्वीकारली, आणि जेथे ती परवडत नसे तेथे पाण्यावर खनिज तेल पसरण्याचा मार्ग अवलंबिला. त्यांचा ग्रंथ १९११ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला व १९२१ मध्ये त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. सपाटी आणि टेकडी ह्यांतील हा भेद हेच त्या ग्रंथाचे सर्वांत महत्त्वाचे प्रतिपादन म्हणावयास हरकत नाही.

किनाऱ्याच्या अगदी कडेला तिसरीच परिस्थिती होती. खाडीकाठची कांदळवने तोडून व बांध घालून भरतीचे पाणी अर्धवट अडविले, की मचूळ पाण्याची उघडी डबकी तयार होत. त्यांत अ‍ॅनॉफेलीस संडाइकस हा डास वाढे. त्या काळच्या लेखांत त्याचा उल्लेख लुडलोवी ह्या नावाने येतो. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील मत्स्यतळ्यांतूनही हाच डास डच संशोधकांस आढळला. सारांश, दलदलीची झाडी, डोंगरी अरण्य आणि कांदळवन ह्या तिन्ही वनप्रकारांची तोड तीन निरनिराळे परिणाम घडवी. आणि इंग्रजी अहवालांत मात्र तिन्हींना बहुधा एकच नाव असे.

४

नामांतील हा गोंधळ दूर करण्याचे श्रेय एका मोठ्या अंशाने डच संशोधक स्वेलेनग्रेबेल ह्यांना दिले पाहिजे. १९१३ मध्ये मलायात येऊन त्यांनी वॉटसन ह्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले, आणि नंतर डच ईस्ट इंडीजमध्ये त्याच तत्त्वाला पद्धतशीर रूप दिले. प्रत्येक स्थळी रोगवाहक डासाची जाती प्रथम निश्चित करावी, तिच्या प्रजननस्थानाचे विशेष शोधावे, आणि केवळ तेवढ्याच स्थानांवर उपाय करावा, असे हे तत्त्व होते. त्यास त्यांनी ‘जातिनिष्ठ स्वच्छता’ अशा अर्थाची संज्ञा दिली. ‘डास मारा’, ‘पाणी काढा’, ‘जंगल तोडा’ ह्या सामान्य आज्ञांच्या जागी आता ‘कोणता डास, कोणते पाणी, कोणती सावली’ हे विशेष प्रश्न आले. आसामातील चहामळ्यांत पुढे ह्याच विचाराने अगदी उलट दिशेचा उपाय योजिला गेला. तेथील मुख्य वाहक अ‍ॅनॉफेलीस मिनिमस हाही उन्हातील ओहोळांचाच रहिवासी असल्याने, नाल्यांच्या काठांवर मुद्दाम दाट झुडुपे लावून पाण्यावर सावली धरण्यात आली. क्लांगला जी सावली नष्ट करावयाची होती, तीच आसामात निर्माण करावयाची होती.

तथापि मलायाचा इतिहास केवळ डासांच्या सवयींचा इतिहास नव्हे. वनसीमेवर कोणी राहावयाचे, हा निर्णय निसर्गाने केलेला नव्हता. मळ्यांवरचे मजूर बहुतांशी तमिळ जिल्ह्यांतील खेड्यांतून येत. प्रथम करारबद्ध मजुरीने, आणि १९१० मध्ये ती पद्धत बंद झाल्यानंतर मुख्यतः ‘कंगाणी’ नावाच्या मुकादमांमार्फत त्यांची भरती होई. हे लोक ज्या गावांतून आले त्यांतील कित्येकांत हिवताप मलायाइतका तीव्र नव्हता. रोगाशी दीर्घ परिचयाने अंगी येणारी प्रतिकारशक्ती ज्यांच्या ठायी नाही अशी माणसे, रोगाचा जोर सर्वांत अधिक असतो त्या नव्या तोडीच्या काळात, नव्या तोडीच्या कडेलाच राहावयास जात. त्यांच्या बराकी कामाच्या जवळ आणि पाण्याच्या जवळ बांधण्याची सोय पाहिली जाई. टेकड्यांच्या मुलखात पाण्याची जवळीक म्हणजे घळीची जवळीक, आणि घळीची जवळीक म्हणजे मॅक्युलेटसची जवळीक. बराक कोठे बांधावी हा प्रश्न हिशेबाच्या वहीत बांधकामाच्या खर्चाखाली मांडला जात होता. वस्तुतः तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

वॉटसन ह्यांनी हे ओळखले होते, आणि मळेवाल्यांशी बोलताना ते रोगाची भाषा बाजूस ठेवून खर्चाची भाषा वापरीत. आजारी मजूर, पळून गेलेला मजूर, मृत मजूर आणि त्याच्या जागी आणलेला नवा मजूर ह्यांचा खर्च नळ घालण्याच्या किंवा तेल पसरण्याच्या खर्चाहून अधिक येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो यशस्वी झाला हे खरे. परंतु ज्या समाजव्यवस्थेत माणसाचा जीव वाचविण्यासाठी तो प्रथम स्वस्त ठरवून दाखवावा लागतो, तिच्यावरही त्या यशाने प्रकाश पडतो. इतिहासकाराने ह्या दोन्ही बाजू नोंदविणे आवश्यक आहे.

५

ह्या कथेचा उत्तरार्ध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला, आणि त्याने पूर्वार्धातील काही निश्चित वाटणाऱ्या गोष्टींचा पाया हलविला. १९४४ मध्ये संदोशम ह्यांनी पूर्वी अंब्रोससमध्येच गणल्या गेलेल्या डासांतून अ‍ॅनॉफेलीस लेटिफर ही स्वतंत्र जाती वेगळी केली. १९६३ मध्ये क्वालालंपूरच्या संशोधकांनी असे दाखवून दिले, की अंब्रोसस गटातील डासांत आढळणारे हिवतापाचे जीवाणुसदृश बीजरूप परोपजीवी पुष्कळदा माणसाचे नसून रानातील पिसोऱ्यासारख्या लहान मृगाच्या हिवतापाचे असतात. ह्याचा अर्थ असा, की जुन्या अहवालांत ‘अंब्रोसस’ म्हणून ज्याच्यावर दोष ठेवला गेला त्या नावाखाली अनेक जाती होत्या, आणि माणसांतील रोगाचा भार त्यांतील लेटिफरसारख्या जातींवर अधिक असावा. लेटिफर ह्या नावाचा अर्थ मृत्यू आणणारा असा होतो. क्लांगमधील उपाय ह्यामुळे चुकीचा ठरत नाही, कारण दलदल दोघांचीही होती. चुकले ते नाव. परंतु दलदलीच्या झाडीतील प्राण्यांना स्वतःचा हिवताप असतो आणि तो डासांच्या देहात माणसाच्या हिवतापाशेजारी नांदतो, ही गोष्ट तेव्हा प्रथम ठळकपणे पुढे आली.

वानरांच्या हिवतापाची कथा ह्याहून गंभीर आहे, आणि तिचा आरंभ कलकत्त्यात झाला. १९३१ च्या सुमारास तेथील उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात सिंगापूरहून आणलेल्या लांब शेपटीच्या एका माकडाच्या रक्तात एक अपरिचित परोपजीवी आढळला. १९३२ मध्ये नोल्स आणि दासगुप्त ह्यांनी तो रक्ताद्वारे माणसांत संक्रमित होऊ शकतो हे प्रयोगाने सिद्ध केले. नोल्स ह्यांच्या नावावरून त्यास प्लाझमोडियम नोलेसी म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य असे, की रक्तातील त्याचे चक्र चोवीस तासांत पुरे होते. माणसाच्या इतर परोपजीवींची चक्रे अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांची असतात. तृतीयक आणि चतुर्थक ज्वरांची संगती त्या चक्रांशी लागते. रोज चढणारा अन्येद्युष्क ज्वर मात्र एकाच परोपजीवीच्या अनेक पिढ्या एकत्र वाढल्यानेही येऊ शकतो. म्हणून प्राचीन वैद्यांनी नोलेसीच पाहिला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि कालाच्या गणनेने ज्वर ओळखण्याची त्यांची दृष्टी येथे पुन्हा एकदा उपयोगी पडली असती, हे पुढील वृत्तांतावरून दिसेल.

१९६० मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत वानरांच्या हिवतापाची लागण डासाच्या दंशाने अपघाताने माणसास झाली. त्या घटनेनंतर अमेरिकन संशोधकांचे पथक मलायात आले. १९६५ मध्ये पहांगच्या अरण्यात काम करून परतलेल्या एका अमेरिकन गृहस्थाच्या रक्तात नोलेसी सापडला. निसर्गतः माणसास झालेल्या ह्या लागणीची ती पहिली नोंद होय. त्यानंतर वनसीमेवरील हजाराहून अधिक लोकांचे रक्त तपासण्यात आले, पण एकातही तो आढळला नाही. वानरांचा हिवताप माणसास क्वचितच होतो असा निष्कर्ष काढून तो विषय जवळजवळ मिटविण्यात आला.

सुमारे चार दशकांनंतर सारावाकमधील कपित विभागात एक विसंगती लक्षात आली. तेथील रोग्यांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली प्लाझमोडियम मलेरी, म्हणजे चतुर्थक ज्वराचा परोपजीवी, दिसत होता. परंतु त्याची संख्या आणि रोगाची तीव्रता चतुर्थक ज्वराशी जुळत नव्हती. बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जनुकीय परीक्षणाने हे उलगडले. तपासलेल्या २०८ रोग्यांपैकी १२० जणांस नोलेसीची लागण झालेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही परोपजीवी सारखे दिसतात, म्हणून एकास दुसऱ्याचे नाव दिले गेले होते. येथेही चूक नावाची होती, आणि तिचे परिणाम घातक होते. कारण चतुर्थक ज्वर बहुधा सौम्य असतो, तर चोवीस तासांत वाढणारा नोलेसी उपचारास विलंब झाल्यास प्राण घेऊ शकतो.

ह्या रोगाचे भूगोलशास्त्र म्हणजे पुन्हा वनसीमेचेच शास्त्र होय. लांब शेपटीची आणि डुकरासारख्या शेपटीची माकडे हे त्याचे स्वाभाविक आश्रयस्थान आहे. सारावाकमध्ये अ‍ॅनॉफेलीस लेटेन्स आणि साबामध्ये अ‍ॅनॉफेलीस बालाबासेन्सिस हे डास त्याचे वहन करतात. हे डास झाडीच्या कडेला, सावलीतील तात्पुरत्या डबक्यांत, गुरांच्या खुरांच्या आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांच्या खळग्यांत वाढतात, आणि तिन्हीसांजेला घराबाहेरच दंश करतात. घराच्या भिंतींवर फवारलेले औषध किंवा रात्रीची मच्छरदाणी ह्यांचा त्यांच्याविरुद्ध पुरेसा उपयोग होत नाही. रबराच्या जागी आलेल्या तेलमाडाच्या लागवडीने अरण्याचे तुकडे पाडले. तुकडे पडले की क्षेत्र कमी होते, पण कडेची एकूण लांबी वाढते. माकडे उरलेल्या झाडीत आणि बागायतीत दाटीने वावरू लागतात. माणसे त्याच कडेवर शेती, तोड आणि राखण करतात. साबामध्ये झालेल्या अभ्यासांत गावाभोवतालची झाडी आणि नजीकच्या काळातील वनतोड ह्या दोहोंचा नोलेसीच्या प्रमाणाशी संबंध आढळला आहे. २०१८ मध्ये मलेशियात माणसामाणसांत पसरणाऱ्या हिवतापाचा एकही स्थानिक रोगी नोंदला गेला नाही. त्याच वर्षी नोलेसीचे रोगी मात्र चार हजारांहून अधिक नोंदले गेले. वॉटसन ह्यांच्या पिढीने जो हिवताप जिंकावयास घेतला तो हटला, आणि त्याच कडेवरून दुसरा आत आला.

६

ह्या इतिहासातून वन आणि रोग ह्यांच्या संबंधाविषयी कोणताही एकच नियम काढणे शक्य नाही. अरण्य रोगट असते हा मळेवाल्यांचा सिद्धांत टेकड्यांवर खोटा ठरला, आणि अरण्य राखले की रोग आपोआप टळतो हा त्याच्या उलटचा सिद्धांत क्लांगच्या दलदलीत खोटा ठरला असता. निर्णायक ठरतात त्या लहान गोष्टी : पाणी वाहते की साचलेले, गोडे की मचूळ, त्यावर ऊन आहे की सावली, कडेला कोणते प्राणी आहेत, आणि तिन्हीसांजेला तेथे कोणाला थांबावे लागते. महाराष्ट्राच्या संदर्भातही हाच विवेक लागू पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओहोळांत अ‍ॅनॉफेलीस फ्लुव्हिएटिलिस हा डास वाहक ठरतो; मुंबई शहरात मात्र बेंटली ह्यांच्या १९११ च्या अहवालाने अ‍ॅनॉफेलीस स्टीफेन्साय आणि शहरातील विहिरी ह्यांच्याकडे बोट दाखविले होते. तेथे अरण्याचा काही संबंधच नव्हता. गडचिरोलीसारख्या वनप्रधान जिल्ह्याचा राज्यातील हिवतापात दीर्घकाळ मोठा वाटा राहिला आहे. पण त्याचे कारण ‘जंगल’ ह्या एका शब्दात सांगून टाकणे म्हणजे मलायातील जुन्या अहवालांचीच पुनरावृत्ती करणे होय.

प्राचीन वैद्यांची जांगल-आनूप ही विभागणी ह्या कसोटीला कितपत उतरते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. उन्हाची मोकळी भूमी निरोगी मानणारा त्यांचा नियम टेकडीवरील ओहोळाने मोडला. परंतु त्यांनी भूमीचे वर्णन पाणी, वारा, ऊन, झाडी आणि तेथील प्राणी ह्या सर्वांच्या एकत्रित लक्षणांनी केले, आणि देशाचा विचार केल्यावाचून व्याधीचा विचार पुरा होत नाही असे मानले. तो आग्रह ‘जंगल’ ह्या एका शब्दात लोपला. वॉटसन व स्वेलेनग्रेबेल ह्यांना तो निराळ्या मार्गाने पुन्हा मिळवावा लागला.

जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांस ह्यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आरोग्य-अहवालांत ‘जंगल’, ‘दलदल’, ‘अंब्रोसस’, ‘विलमोरी’, ‘चतुर्थक’ असे शब्द आले असता त्यांचा आजचा अर्थ गृहीत धरू नये. त्या वर्षी, त्या ठिकाणी, त्या लेखकाने तो शब्द कोणत्या वस्तूला लावला होता, हे आधी निश्चित करावे. आणि मगच त्या अहवालातील आकड्यांची आजच्या आकड्यांशी तुलना करावी. क्लांगचे १९०१ ते १९०५ चे आकडे विश्वसनीय वाटतात, ते एवढ्याचसाठी, की ते ज्या भूमीचे आहेत ती भूमी त्यांच्या लेखकाने पायी हिंडून, पाण्यासह आणि सावलीसह, वर्णन करून ठेवली आहे.